छाटकलमालाही वंशनोंद हवी

मादागास्करच्या दक्षिणेतले काटेवन वर्षातला बराच काळ कोरडे असते आणि तिथल्या पावसाचा भरवसा नसतो. तिथेच अलुऑडिया प्रोसेरा पंधरा मीटरपर्यंत सरळसोट वाढतो. पाऊस पडला की काट्यांच्या बुडाशी लहान, गोलसर पाने जोडीने फुटतात. ती उभी असल्यामुळे दुपारचे ऊन त्यांच्यावर कमी पडते. ओल संपली की पाने गळतात आणि मांसल खोडातल्या पाण्यावर झाड तग धरते. सिफाका जातीचे लेमूर या काटेरी खोडांवरून उड्या मारत ही पाने खातात.

या झाडाच्या फळ्या घरांना लागतात, लाकडाचा कोळसा होतो आणि शेतीसाठीही काटेवन तोडले जाते. त्याचे सगळे कुळ, डिडिएरेसी, साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या याद्या आल्या. त्यामुळे परदेशातून रोप मागवताना कागदपत्रे चोख हवीत, आणि जंगलातून उपटलेले रोप तर कोणत्याही भावात घेऊ नये.

आपल्याला त्याची गरजही नाही. छाट सहज रुजते. काप सावलीत सुकून खपली धरू द्यावी, मग मुरूम आणि जाड वाळूच्या मिश्रणात ती लावावी. मूळ धरेपर्यंत पाणी बेताने द्यावे आणि पावसाळ्यात कुंड्या छपराखाली ठेवाव्यात.

पण खरी जबाबदारी रुजल्यानंतर सुरू होते. या झाडात नर आणि मादी वेगळी असतात. छाट ज्या झाडाची, लिंगही त्याचेच. एकाच मातृवृक्षावरून हजार रोपे केली तरी, सगळीच्या सगळी नर निघालेल्या पपईच्या बागेसारखी गत होते: झाडे उभी, पण बी धरणार नाही. शिवाय ती हजारही वंशाने एकच असतात. एखाद्या बुरशीपुढे एक हरले, तर बाकीची तगण्याचा आधार कोणता?

म्हणून रोपवाटिकाधारकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. प्रत्येक मातृवृक्षाला क्रमांक द्या आणि तो छाटीच्या पट्टीवर लिहा. फूल आले की नर की मादी, हे वहीत नोंदवा. आपापसांत छाटींची देवघेव करा आणि दोन्ही झाडे फुलावर आली की हाताने परागण करून बी धरा. बियांपासून वाढवलेले रोप महाग पडेल, पण ग्राहकाला त्याचे कारण सांगता येते. विकलेल्या रोपाचा वंश सांगता येणे, हीच आपल्या धंद्याची पत आहे.