घरांतील संगणक व संपलेली मुदत

आजीच्या वेळचें शिवणाचें यंत्र तेलाचे चार थेंब मिळाले कीं आजहि बिनतक्रार चालतें, कारण त्याची देखरेख घरच्या घरीं होते. संगणकाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या अंतर्यामीं जी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, नांदत असते, तिची निगा दूर देशीं बसलेले तिचे कर्ते राखीत असतात. त्यांनीं हात काढून घेतला कीं यंत्र धडधाकट असूनहि निराधार होतें. असे निराधार झालेले संगणक आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं पुष्कळ असावेत अशी आमची समजूत आहे; म्हणून त्यांच्या पालकांपुढें चार शब्द ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजीं लोकांच्या हातीं आली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं कंपनीनें तिची नित्याची देखरेख थांबविली. ही तारीख अकस्मात् कोसळलेली नव्हे. ती आरंभींच जाहीर झालेली होती. दहा वर्षांची सूचना मिळूनहि आपणांपैकीं बहुतेकांनीं तिकडे पाहिलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. तो दिवस उजाडला, मावळला, आणि कोणाचाहि संगणक बंद पडला नाहीं. पडदा पूर्वीसारखाच उजळतो, पत्रें लिहितां येतात, चित्रें पाहतां येतात. मग बिघडलें काय, असें कोणी विचारील.

बिघडलें तें डोळ्यांस न दिसणारें आहे. प्रणाली हें लक्षावधि ओळींचें लिखाण होय, व त्यांत चुका राहून गेलेल्या असतातच. दुष्ट बुद्धीचे लोक त्या हुडकून काढतात व त्यांवाटे आंत शिरतात. या वाटा बुजविण्यासाठीं कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं दुरुस्त्या पाठवीत असते. मुदत संपली म्हणजे दुरुस्त्या थांबतात. चुका मात्र सांपडत राहतात. दुरुस्तीची हयगय किती महाग पडते हें जगानें १२ मे २०१७ रोजीं पाहिलें. त्या दिवशीं वॉनाक्राय नांवाचा उपद्रवी प्रोग्राम देशोदेशींच्या संगणकांत पसरला. त्यानें लोकांचे कागद कुलुपांत घालून खंडणी मागितली, आणि इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांस रोग्यांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्या चुकीवरील दुरुस्ती १४ मार्च रोजींच निघालेली होती. पुष्कळांनीं ती बसविली नव्हती. आणि मुदत संपलेल्या जुन्या प्रणालींस तर ती तोंवर सर्वांसाठीं खुली झालीच नव्हती.

एक पक्ष असा निष्काळजी, तर दुसरा घाबरा. विंडोज ११ ही पुढची प्रणाली विंडोज १० वाल्यांस फुकट मिळते खरी, पण तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व बऱ्यापैकीं नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असल्यास सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. त्यामुळें २०१७ पूर्वींचे पुष्कळ निरोगी संगणक तिच्या दारांतूनच परत फिरतात. असा संगणक घेऊन एक पालक दुकानीं गेले असतां, "हा आतां भंगार, नवा घ्या," असें उत्तर त्यांस मिळाल्याचें आम्हीं ऐकिलें. पोटाला चिमटा घेऊन मुलीच्या शिक्षणासाठीं घेतलेली वस्तु ती! आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, चालतें यंत्र केवळ तारीख उलटली म्हणून टाकून देणें ही उधळपट्टी होय, आणि तारीख उलटली असतां कांहींच न करणें हा अविचार होय. योग्य मार्ग या दोहोंच्या मध्यें आहे, व तो फारसा खर्चाचा नाहीं.

प्रथम, दुसरें कांहींहि करण्यापूर्वीं, आपले कागद, फोटो व अभ्यासाचीं टिपणें यांची नक्कल पेनड्राइव्हवर किंवा वेगळ्या हार्डडिस्कवर करून ती संगणकापासून अलग ठेवावी. मग सेटिंग्जमध्यें जाऊन यंत्र विंडोज ११ स योग्य आहे कीं नाहीं तें पाहावें, व असल्यास विलंब न लावतां ती घ्यावी. नसल्यास, घरगुती वापरासाठीं सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची जी सोय कंपनीनें जाहीर केली तिचा विचार करावा. मात्र ती सोय धर्मशाळा आहे, घर नव्हे. आणि ज्या यंत्रास दुरुस्त्या मिळत नाहींत त्यावरून बँकेचे व्यवहार मुळींच करूं नयेत.

याहून टिकाऊ मार्ग लिनक्सचा आहे. फिनलंडांतील हेलसिंकी येथें शिकणाऱ्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा आरंभ केला, आणि जगांतील हजारों जाणत्यांनीं ती वाढविली. तिच्या बहुतेक आवृत्त्यांस दाम पडत नाहीं, व त्यांपैकीं कित्येक बेताच्या यंत्रावरहि चांगल्या चालतात. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें याच पायावर बॉस नांवाची प्रणाली तयार केली असून तींत मराठी लिहितां येतें. केरळांतील सरकारी शाळा तर वर्षानुवर्षें मुक्त प्रणालीवर मुलांस शिकवीत आल्या आहेत.

कोणी म्हणेल, पुढें नोकरींत विंडोजच लागेल, मग मुलांनीं दुसरें कां शिकावें? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. लिनक्सवर कांहीं ओळखीचे प्रोग्राम चालत नाहींत, आणि प्रिंटर जोडतांना प्रसंगीं डोकें खाजवावें लागतें. परंतु शुद्ध लिहिणें, हिशेब नीट मांडणें, अवघड प्रश्नाचे तुकडे करून तो सोडविणें, या गोष्टी पडद्यावरील बटण कोणत्या कोपऱ्यांत आहे यावर अवलंबून नाहींत. ज्यास एका पेटीवर सूर सांपडला त्यास तो दुसरीवरहि सांपडतो.

विद्यार्थ्यांनो, या कामीं तुम्हीं वडील मंडळींच्या एक पाऊल पुढें असावें. एखाद्या रविवारीं त्यांस शेजारीं बसवून घरच्या संगणकाची प्रणाली कोणती, तिची मुदत कधीं, व नक्कल कोठें ठेविली आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहा आणि तो कागद भिंतीवरील दिनदर्शिकेजवळ लावा. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजीं संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजीं. आज जी नवी आहे तिचीहि पाळी येईल. तहान लागल्यावर विहीर खणावयास निघणें शहाण्यास शोभत नाहीं. ज्या घरीं मुदत आधीं वाचली जाते त्या घरीं धांदल उडत नाहीं, आणि कष्टानें घेतलेली चांगली वस्तुहि वायां जात नाहीं, एवढेंच आमचें सांगणें आहे.