आयुष्य जास्त, दुखणीही जास्त

जपानमध्ये २०२३ साली स्त्रियांचे सरासरी आयुर्मान ८७.१४ वर्षे होते आणि पुरुषांचे ८१.०९. रशियात हे अंतर दहा वर्षांच्या आसपास जाते, आणि त्यात दारू व सिगारेटचा वाटा मोठा आहे. भारतात मात्र फरक जेमतेम तीन वर्षांचा. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१६-२० या काळात पुरुषांचे आयुर्मान ६८.६ वर्षे होते, स्त्रियांचे ७१.४. हेही अलीकडचेच. १९७०-७५ मध्ये भारतीय स्त्री पुरुषापेक्षा दीड वर्ष कमी जगत होती. जगभर स्त्रीच्या शरीराला जी आघाडी मिळते, ती इथे बाळंतपणात, कुपोषणात आणि मुलींच्या हेळसांडीत खर्ची पडत होती.

आता बायका जास्त जगतात, म्हणजे त्यांची तब्येत चांगली, असे गृहीत धरले जाते. ते चूक आहे. जवळपास प्रत्येक देशात वृद्ध स्त्रिया वृद्ध पुरुषांपेक्षा जास्त आजारी आणि जास्त परावलंबी आढळतात. पुरुषाला हृदयविकाराचा झटका लवकर गाठतो. बाईला गुडघे, ठिसूळ हाडे, मोतीबिंदू, लघवीवर ताबा न राहणे, अंग बाहेर येणे यांसोबत वर्षानुवर्षे काढावी लागतात. मरणाच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही.

सगळे हार्मोन्सवर ढकलून चालत नाही. स्मरणशक्तीचेच पाहा. युरोपातील तेरा देशांतल्या पन्नाशीपुढच्या लोकांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ऐकलेले शब्द थोड्या वेळाने आठवून सांगायच्या चाचणीत उत्तर युरोपातील स्त्रिया पुरुषांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरल्या. जिथे राहणीमान आणि शिक्षण कमी, तिथे त्यांची ही आघाडीही कमी. भारतात चित्र उलटे आहे. साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त, आणि खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. मेंदू तोच, पण ज्या मुलीला शाळेतून काढून धाकट्या भावंडांकडे लावले, तिच्या सत्तरीत त्याचा हिशेब निघतो.

हा अंदाज ज्या पाहणीच्या आधारे निघाला, ती ‘लासी’ पाहणी मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये सुरू केली. पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती तिच्यात आहे. एवढी सामग्री हाताशी असताना धोरण मात्र अजून पुरुषाच्या आजाराच्या मापाने बेतले जाते.

२०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांचे कवच मिळाले. निर्णय चांगलाच आहे. पण हे कवच रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येते. हृदयाच्या शस्त्रक्रियेला ते उपयोगी. रोजच्या सांधेदुखीच्या गोळ्या, व्यायामोपचार, चष्मा, श्रवणयंत्र, उदासीनतेवरचे औषध, यांचे पैसे खिशातूनच जातात. आणि हा खिसा बहुतेक वेळा मुलाचा असतो. भारतात साठीपुढच्या स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास विधवा आहेत. पुरुषांत विधुरांचे प्रमाण त्याच्या तुलनेत फारच थोडे. म्हाताऱ्याचे पथ्यपाणी बघायला बायको असते. तीच बाई पुढे एकटी उरते, तेव्हा तिला दवाखान्यात न्यायला कोणाला तरी रजा काढावी लागते. मग ‘वय झालं, दुखणारच’ म्हणून ती स्वतःच विषय मिटवते.

म्हणून योजनेत बाह्यरुग्ण उपचार आले पाहिजेत, आणि तेही गावाजवळच्या आरोग्य केंद्रात. रक्तदाब आणि साखर तपासायला म्हातारी माणसे तिथे येतातच. त्याच दिवशी नजर तपासता येते, खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येते का ते पाहता येते. खोकताना लघवी होते का, हेही विचारता येते, आणि ते परिचारिकेने आडोशाला नेऊन विचारलेले बरे. मुलगा शेजारी उभा असताना या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर मिळते.