टोळीला नाव कोण देतं?

फँटसी रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या आपल्या मंडळींत एक समज पक्का बसलाय. साहसवीरांचा गट आणि त्याला एक झोकदार नाव ही आयडिया टोल्किनची, तिथून ती 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये आली, आणि आपल्याकडे असलं काही नव्हतंच. म्हणून मग पुण्यात बसून आपण आपल्या पार्टीचं नाव 'सिल्व्हर फँग' वगैरे ठेवतो. मला यातलं काहीच पटत नाही. "आपल्याकडे नव्हतंच" हे तर अजिबात नाही.

आधी टोल्किन. १९५४ ची 'फेलोशिप' सगळ्यांना पाठ असते, पण १९३७ च्या 'द हॉबिट'मधली थोरिनची टोळी कोणाला आठवत नाही. ती बिल्बोला जे पत्र ठेवून जाते, त्याखाली सही आहे 'थोरिन अँड कंपनी'. चक्क एखाद्या पेढीसारखी! आत मजकूर काय, तर नफा झालाच तर हिस्सा किती, प्रवासखर्च कोणाचा, आणि वेळ आलीच तर अंत्यविधीचा खर्च कोणी करायचा. मैत्री, त्याग वगैरे सगळं नंतर. आधी ऑफर लेटर :-)

आणि हे काही टोल्किनच्या सुपीक डोक्यातून निघालेलं नाही. चौदाव्या शतकात इटलीत भाडोत्री सैनिकांच्या टोळ्या होत्या. जॉन हॉकवुडची व्हाइट कंपनी त्यातली प्रसिद्ध. शहरांशी होणाऱ्या कराराला 'कोंदोत्ता' म्हणायचे, म्हणून म्होरक्यांना 'कोंदोत्तिएरी'. म्हणजे सरळ भाषेत कंत्राटदार. टोळीला नाव लागतं कारण पैसे मोजणाऱ्याला वहीत काहीतरी लिहावं लागतं. शौर्य मागाहून चिकटतं.

गेममध्येही तेच. १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये अनुभवाचे गुण मिळायचे ते मुख्यतः किती सोनं बाहेर आणलं त्यावर, राक्षस मारण्याचे त्यामानाने किरकोळ. १९८१ च्या बेसिक नियमांत 'कॉलर' नावाची भूमिका आहे, म्हणजे टोळी काय करणार ते सगळ्यांच्या वतीने गेममास्टरला सांगणारा. गॅरी गायगॅक्सचं गाजलेलं 'सर्कल ऑफ एट' मुळात त्याचीच स्वतःची पात्रं. त्यांनी लुटीचे पैसे एकत्र करून किल्ला बांधला, त्या भागीदारीचं हे नाव. जादूगारांचं गूढ मंडळ वगैरे प्रकार गायगॅक्स कंपनीतून बाहेर पडल्यावर इतरांनी रचला.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण मात्र एड ग्रीनवुडचं. त्याच्या कॉर्मिर राज्यात हत्यारबंद टोळी काढायची तर राजाची सनद लागते, फी भरून. त्याच्या खेळातली एक टोळी म्हणजे 'स्वोर्ड्स ऑफ इव्हनिंगस्टार'. ऐकायला काय भारी वाटतं ना? इव्हनिंगस्टार हे एका खेडेगावाचं नाव आहे हो! म्हणजे आपल्या भाषेत 'नेकनूरची टोळी'.

आता घरी या. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी घोडा मिळणारा तो बारगीर. शिलेदारांची पथकं सरदाराच्या नावाने ओळखली जायची. पेंढाऱ्यांना तर पगारच नव्हता, लूट हीच कमाई. तरी त्यांच्यात शिंदेशाही आणि होळकरशाही अशी नावं होतीच, कोणाच्या छत्राखाली आहोत त्यावरून. १८१७-१८ मध्ये इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध अख्खं युद्ध पुकारलं. यापेक्षा अजून कसली 'अ‍ॅडव्हेंचरिंग पार्टी' हवी?

पण लुटालूट आणि घोडे बाजूला ठेवा. नावाचा खरा व्यवहार बघायचा तर बीड जिल्ह्यात बघा, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या नेकनूरसारख्या गावांच्या पट्ट्यात. दिवाळीच्या आगेमागे इथून ऊसतोड टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. शब्दसुद्धा तोच, टोळी. ती ओळखली जाते मुकादमाच्या नावाने. कारखान्याशी करार मुकादमाचा किंवा वाहतूकदाराचा, आणि मजुराला आगाऊ मिळते ती उचल. माणसं मोजायचं एकक काय, तर 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, सोबत मुकादमाचं कमिशनही वाढलं. हिशोब टनावर. आता सांगा, या सगळ्यात त्या बाईचं नाव कुठे आलं? ती एका कोयत्याची अर्धी बाजू. पहाटे नवऱ्याच्या बरोबरीने फडात उतरते, मोळ्या डोक्यावर वाहते, आणि वहीत नाव तिसऱ्याच माणसाचं.

२०२१ मध्ये राज्य सरकारने ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं ठरवलं. एवढ्या साध्या गोष्टीला २०२१ उजाडलं. आणि आपण? आपल्या काल्पनिक एल्फला नाव, आडनाव, कुळ, दोन पानी बॅकस्टोरी!

यावर कोणीतरी म्हणणारच, "अरे, गेम आहे तो, मजा करू दे की." करा ना. मीही करतोच. आक्षेप फक्त "आपल्याकडे नव्हतंच" या आळसाला आहे. कथेला लागतो तो मसाला म्हणजे कर्ज, लांबचा प्रवास, धोका आणि वाटणीवरून भांडण. तो सगळा एसटीने काही तासांवर आहे, आणि आपण तो इंग्लंडहून मागवतो.

असो. पुढच्या शनिवारी गेममास्टर मी आहे. टोळी नेकनूरची, करार मुकादमाच्या नावावर, आणि पहिला फासा टाकायच्या आधीच प्रत्येकाच्या डोक्यावर उचल. टोळीचं नाव बदलायचं असेल तर आधी ती फेडावी लागेल. दोन जागा शिल्लक आहेत, यायचं तर शुक्रवारपर्यंत सांगा.