फाडलेलं पान

हॅम्बुर्गमध्ये राहायचं म्हणजे फुटबॉलपासून सुटका नाही. इथल्या हॅम्बुर्गर एसव्ही क्लबच्या जुन्या वैभवाच्या गप्पा निघाल्या की ओट्टो ‘टुल’ हार्डर हे नाव येतंच. उंचापुरा सेंटर फॉरवर्ड. 1923 आणि 1928 मध्ये क्लब जर्मनीचा विजेता झाला, तो याच्या गोलांच्या जोरावर. देशासाठी 15 सामन्यांत 14 गोल.

त्याच संघात आस्ब्यॉर्न हाल्वोरसेन हा नॉर्वेजियन खेळाडू होता. दोघांनी एकाच जर्सीत दोन्ही विजेतेपदं मिळवली. पुढे मात्र वाटा पार वेगळ्या झाल्या.

हार्डर 1932 मध्ये नाझी पक्षात गेला, नंतर एसएसमध्ये. युद्धकाळात तो छळछावण्यांवर पहारेकरी होता आणि शेवटी हॅनोव्हरजवळच्या आलेम छावणीचा प्रमुख झाला. हाल्वोरसेन मायदेशी परतला. त्याने घडवलेल्या नॉर्वेच्या संघाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हिटलरच्या डोळ्यांदेखत जर्मनीला 2-0 असं हरवलं. नॉर्वेवर जर्मनांचा ताबा आल्यावर तिथल्या खेळाडूंनी नाझींच्या स्पर्धांवर बहिष्कार टाकला. त्यातल्या सहभागापायी 1942 मध्ये त्याला अटक झाली. ज्या छावण्यांत त्याला डांबलं, त्यांत हॅम्बुर्गची नॉयनगामेही होती. आलेम ही तिचीच उपछावणी! तो जिवंत सुटला, पण तब्येत कायमची खचली. 1955 मध्ये तो गेला.

हार्डरला 1947 मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने 15 वर्षांची शिक्षा दिली. 1951 मध्येच तो बाहेर आला.

1974 च्या विश्वचषकाच्या वेळी हॅम्बुर्गच्या माहितीपुस्तिकेत ऊवे झेलरसोबत हार्डरचंही कौतुक छापलं गेलं. चूक लक्षात आल्यावर ते पान काढून टाकलं. माझा आक्षेप आहे तो इथेच. पान फाडून काय साधलं? गोल खरे होते, छावणीही खरी होती. दोन्ही एकाच पानावर छापायला हवं होतं, आणि शेजारी हाल्वोरसेनचं नाव.

आपणही खेळाडूंना फार लवकर देव्हाऱ्यात बसवतो. खेळाला दाद जरूर द्यावी, पण चांगला खेळतो म्हणून माणूस चांगलाच असेल, हे गृहीत धरू नये. मुलांना हार्डरचे गोल सांगा, पण गोष्ट तिथेच थांबवू नका.