डोक्यावरचे टिंब आणि चार अक्षरांचे शब्द

तिसरी-चौथीच्या इंग्रजी श्रुतलेखनाच्या वह्या चाळल्या, की एक चूक पानोपानी भेटते. बाई ‘पंप’ सांगतात, मूल पी-यू-पी लिहिते. ‘हँड’ला एच-ए-डी, ‘टँक’ला टी-ए-के. लाल पेनाचा गोल पडतो, शब्द पाच वेळा लिहून होतो, आणि पुढच्या आठवड्यात ‘लँप’ची तीच गत होते. हा सबंध अंक आम्ही या एका चुकीभोवती उभा केला आहे. ती निष्काळजीपणाची चूक नाही. ती मुलाच्या मराठीतून येते आणि तिच्यावरचा इलाजही मराठीच्याच तासात शिकवलेला असतो.

मराठीत ‘पंप’ दोन अक्षरांचा. मधल्या अनुनासिकासाठी ‘प’च्या डोक्यावर टिंब दिले की काम झाले. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखननियमांतला पहिलाच नियम शीर्षबिंदूचा आहे, आणि पहिलीपासून मूल तेच गिरवते. त्याच्या लेखी अनुस्वार हे अक्षर नसते, अक्षरावरची खूण असते. इंग्रजीत या खुणेला डोक्यावर जागा नाही. तिला रांगेत येऊन इतरांच्या बरोबरीने बसावे लागते. मुलाने ऐकलेली दोन अक्षरे कागदावर चार होतात आणि नेमके तिसरे गळते.

ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, तीही मुले इथेच अडखळतात. शाळेत जाण्याआधी आपल्या मनाने स्पेलिंग जुळवणाऱ्या अमेरिकन मुलांचे लेखन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स रीड यांनी तपासले होते. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, व्यंजनाच्या आधीचे एन आणि एम गाळण्याची सवय त्यांना स्पष्ट दिसली. हा ध्वनी आधीच्या स्वरात इतका मिसळून जातो की लहान कानाला तो सुटा ऐकूच येत नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत त्यात लिपीची भर पडते. तेव्हा चूक दिसल्यावर रागावण्यात अर्थ नाही.

आपल्या निलंगा तालुक्यातल्या वर्गांत तर भाषांची सरमिसळ जुनीच आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा तालुका बीदर जिल्ह्यात होता. आजही औराद शहाजानी, कासार सिरसीकडच्या शाळांत घरी कन्नड, उर्दू किंवा बंजारा बोलणारी मुले मराठी मुलांच्या शेजारी बसतात. कन्नड लिपीतही अनुस्वाराचे काम एक लहानसे वर्तुळ करते. उर्दू मात्र ‘बँक’ लिहिताना नून हे स्वतंत्र अक्षर घालते आणि ‘पंप’मध्ये मीम. उर्दू लिहिता येणाऱ्या मुलाच्या हाताला या अक्षराची सवय आधीच असते. असे मूल वर्गात असेल, तर त्याला ‘बँक’ फळ्यावर उर्दूत लिहायला सांगा. बाकीच्यांना मधले अक्षर डोळ्यांनी दिसेल.

आता इलाज. परसवर्णाचा नियम आपण सगळ्यांनीच शिकलो आहोत: अनुस्वाराचा उच्चार पुढच्या व्यंजनाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. इंग्रजी स्पेलिंगसाठी तो आणखी सोपा होतो. पुढे प-वर्ग असेल तर एम, बाकी बहुतेक ठिकाणी एन. मुलाला एवढे पुरते. फळ्यावर काही दिवस ‘पंप’ऐवजी ‘पम्प’, ‘हँड’ऐवजी ‘हॅन्ड’, ‘टँक’ऐवजी ‘टॅन्क’ लिहा. शुद्धलेखनाची काळजी वाटेल, पण ही सोय थोड्या दिवसांचीच आहे. जोडाक्षर फोडायला मूल शिकलेले असते. म्प फोडला की एम-पी, न्ड फोडला की एन-डी.

मग शब्द निवडायचे ते चारच अक्षरांचे, आणि एका वेळी एकाच जोडीचे. एम-पी, एन-डी, एन-टी, एन-के, एन-जी या पाच जोड्या घ्या. यांतल्या एकाही जोडीने इंग्रजी शब्द सुरू होत नाही, चार अक्षरांच्या ओळखीच्या शब्दांत त्या बहुधा शेवटीच येतात, आणि मुलाला ही जागा हेरायला आवडते. पहिले अक्षर बदलत जायचे: बँड, हँड, लँड, सँड. फळे, प्राणी, रंग अशा विषयवार याद्या शब्दार्थासाठी ठीक, पण ॲपल, एलिफंट, अंब्रेला एका दमात पाठ करून घेण्यातून स्पेलिंगची कोणतीही रीत मुलाच्या हाती लागत नाही. आमचे हे मत ठाम आहे.

सर्वांत उपयोगी खेळ तीन अक्षरांवरून चारवर जाण्याचा. बॅड लिहायचे, मध्ये एन घालायचा, बँड होतो. तसेच हॅडचे हँड, सेटचे सेंट, हटचे हंट, कॅपचे कॅम्प, लॅपचे लँप, रिगचे रिंग. अक्षर गळले तर दुसराच शब्द तयार होतो हे इथे मुलाला आपोआप उमगते. मराठीत रग आणि रंग, सत आणि संत यांतला फरक त्याला माहीत असतोच. तो आधी विचारा.

शब्द गावातले असू द्या. विहिरीवरचा पंप, पाण्याची टँक, जिल्हा बँक, वरातीतला बँड, मंडपवाल्याचा टेंट, आमदारांचा फंड: हे सगळे इंग्रजीत चार अक्षरांचेच आहेत आणि अर्थ सांगावा लागत नाही. राज्यात २०००-०१पासून पहिलीला इंग्रजी आले, तरी तीन तपांपूर्वीच्या पाचवीच्या पद्धतीने शब्द घोकून घेणे पुष्कळ ठिकाणी चालूच आहे. मुलाच्या तोंडी असलेले शब्द त्यात क्वचितच येतात.

दोन ठिकाणी जपायला हवे. ‘किंग’, ‘रिंग’ यांच्या शेवटचा ग आपण स्पष्ट म्हणतो. इंग्रजीत तिथे सुटा ग नसतो, एन-जी मिळून एकच ध्वनी होतो. लिहिताना आपला उच्चार उलट मदतच करतो, म्हणून तिसरीत तो सुधारत बसू नये. एम-बीची जोडी मात्र पाचवीपर्यंत बाजूला ठेवावी. ‘बॉम्ब’मधला शेवटचा ब मराठीत वाजतो, इंग्रजीत वाजत नाही, कंगव्याच्या आणि कोकराच्या इंग्रजी शब्दांतही तो मुकाच.

येत्या शिक्षण परिषदेला प्रत्येकाने आपल्या वर्गाच्या श्रुतलेखनाच्या वह्या घेऊन याव्यात. गळलेले एन आणि एम किती आणि कोणत्या जोडीत, एवढेच मोजावे, आणि दिवाळीनंतर याच मुलांचे पुन्हा मोजावे.