मानोऱ्याहून मालवणला

सोयाबीनची सोंगणी आटोपली की मानोऱ्यात दिवाळीच्या सुट्टीचे बेत शिजू लागतात. पूर्वी गाडी शेगाव-माहूरकडे वळायची. आता पोरं समुद्राचा हट्ट धरतात. म्हणून हा अंक मालवण-तारकर्लीचा.

तिथे स्कूबा डायव्हिंगसाठी पोहता येण्याची अट सहसा नसते. प्रशिक्षक सोबत असतो. कानांना दडे बसले, तर नाक चिमटीत धरून हळूच हवा दाबायची. मात्र पाण्याखाली ‘मस्त!’ म्हणून अंगठा उंचावलात, तर प्रशिक्षक तुम्हाला सरळ वर घेऊन येईल. तिथे त्या खुणेचा अर्थच ‘वर चला’ असा.

आमचा जीव मात्र जास्त रमला तो १६६४ साली पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात. दूधबाव, दहीबाव, साखरबाव: चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना याचं अप्रूप वाटणारच.

रिसॉर्टची चकचकीत वर्णनं आम्ही मुद्दाम टाळली आहेत. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच बुडी मारावी, अशा कामाच्या गोष्टींना जागा दिली आहे.

तुम्ही जाऊन आला असाल, तर खरा खर्च आणि बरेवाईट अनुभव जरूर कळवा. पुढच्या अंकात छापू.