नदी उलटतांच

किन्हवलीस परवां आमच्या ओटीवर एका गूढ शब्दकोड्यानें दोन तट पाडले. सूत्र होतें, ‘नदी उलटतां गरीब’, घरें दोन. आम्ही पदवीधरांनीं काळू, तापी, गंगा उलटून पाहिल्या. आजीनें माळ ओढतां ओढतां ‘दीन’ म्हटलें.

आम्ही कोडें रचणारावर रुसलों. परंतु ‘गरीब’ हा अर्थ व ‘उलटतां’ ही युक्ति, दोन्ही सूत्रांत उघड होतीं. न्यूयॉर्कांत १९१३ सालीं आर्थर विननें रचलेल्या पहिल्या कोड्यांत सूत्रें बहुधा सरळ होतीं. ही वक्रता पुढें इंग्लंडांत वाढली. इंग्रजी शब्द एकेका वर्णानें उलटतो. मराठींत अक्षर वेलांटीसह एकाच घरांत नांदतें.

नद्यांचीं नांवें आठवणें ही माहिती. ‘नदी’ हाच शब्द पाहणें ही दृष्टि. उत्तर कळल्यावर सूत्र खरें ठरलें, तर हार आपली मानावी.